अमेरिकेतील जुने पिकअप ट्रक : टिकाऊपणा व दुरुस्तीक्षमता यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील अमेरिकेच्या ग्रामीण जीवनाचा इतिहास ट्रॅक्टर, वीज आणि पक्के रस्ते यांच्या आधारे सांगण्याचा प्रघात आहे. या तिन्हींच्या सोबतीने वावरलेले आणखी एक साधन म्हणजे पिकअप ट्रक. पुढे चालकाची केबिन व मागे उघडा हौदा अशी साधी रचना असलेल्या या वाहनाने शेतकरी, पशुपालक, सुतार, गवंडी, खाणकामगार अशा श्रमजीवी वर्गांचे ओझे वाहिले. विशेष म्हणजे १९४० ते १९७० या काळात तयार झालेले काही ट्रक आजही शेतांवर व कुरणांवर चारा, कुंपणाचे खांब आणि पाण्याच्या टाक्या वाहत आहेत. २०२४ साली अमेरिकेतील हलक्या वाहनांचे सरासरी वय १२.६ वर्षे होते. त्या तुलनेत साठ-सत्तर वर्षे कामात राहणारे वाहन हा अपवाद ठरतो. या अपवादाची कारणे 'जुने ते सोने' या म्हणीने स्पष्ट होत नाहीत.

तंत्रज्ञानाचा इतिहास हा बहुधा नव्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात या पद्धतीवर आक्षेप घेऊन वापर, देखभाल व दुरुस्ती यांच्या इतिहासाचा आग्रह धरला. जुना पिकअप ट्रक हा अशा इतिहासासाठी अत्यंत उपयुक्त विषय आहे.

उद्दिष्टे :

१) पिकअप ट्रकच्या उदयाचा आढावा घेणे.
२) त्याच्या टिकाऊपणामागील रचनात्मक व सामाजिक कारणे तपासणे.
३) दुरुस्तीच्या अधिकाराच्या प्रश्नाशी या इतिहासाचा असलेला संबंध स्पष्ट करणे.

गृहीतक :

जुन्या ट्रकचे दीर्घायुष्य पोलादाच्या जाडीपेक्षा दुरुस्तीची सूत्रे मालकाच्या हाती राहण्यावर अधिक अवलंबून आहे.

विषय विवेचन :

१) पिकअप ट्रकचा उदय

फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही मोटार १९०८ साली बाजारात आली. तिला ट्रकचे रूप प्रथम दिले ते कारखान्याने नव्हे, तर तिच्या ग्राहकांनी. शेतकऱ्यांनी मागचा भाग कापून तेथे लाकडी हौदा बसविला. मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढविला की त्याच मोटारीवर करवत, धान्याची चक्की किंवा पाण्याचा पंपही चालत असे. ग्राहकांची ही गरज ओळखून फोर्डने १९१७ मध्ये एक टन क्षमतेची मॉडेल टीटी ही चासी आणली आणि एप्रिल १९२५ मध्ये कारखान्यातच हौदा बसविलेले मॉडेल टी पिकअप २८१ डॉलर किमतीला विक्रीस काढले. पहिल्याच वर्षी सुमारे ३४ हजार पिकअप विकले गेले. म्हणजेच वाहन उघडावे, बदलावे आणि आपल्या कामाला जुळवून घ्यावे ही वृत्ती पिकअपच्या जन्मापासूनच त्याच्याशी निगडित आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, नागरी मोटारींचे उत्पादन थांबविण्यात आले. त्यामुळे हाती असलेले वाहनच सांभाळून वापरणे ग्रामीण कुटुंबांना भाग पडले. युद्धाने आणखी एक देणगी दिली. डॉज कंपनीने सैन्यासाठी बनविलेल्या पाऊण टनी ट्रकच्या आधारावर १९४६ मध्ये 'पॉवर वॅगन' हे नागरी वाहन आणले. चारही चाकांना गती, पुढे ओढकामाचे विंच आणि संथ पण दमदार सहा सिलिंडरांचे इंजिन यांमुळे वनखाते, खाणी व वीजवाहिन्यांची कामे येथे ते रुळले. अमेरिकन बाजारात ते १९६८ पर्यंत जवळपास त्याच रूपात विकले गेले. १९४७ मध्ये शेव्हरोलेची 'ॲडव्हान्स डिझाइन' मालिका आणि १९४८ च्या मॉडेलवर्षासाठी फोर्डची 'एफ' मालिका आली. आज कामात असलेले अनेक जुने ट्रक याच युद्धोत्तर पिढीचे आहेत.

२) रचनेतील साधेपणा

या वाहनांचा पाया म्हणजे शिडीच्या आकाराची पोलादी चासी. इंजिन, केबिन व हौदा हे तिन्ही तिच्यावर स्वतंत्रपणे बोल्टांनी जोडलेले असतात. हौदा सडला तर तो उतरवून लाकडी फळ्यांचा सपाट तळ बसविता येतो. केबिनला धक्का न लावता इंजिन बदलता येते. मागील आसाला आधार देणारे पाटे एकेक करून वाढविता किंवा बदलता येतात. बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात जाईल इतकी मोकळी जागा असते.

गिअरची योजनाही कामाच्या गरजेतून झाली होती. जनरल मोटर्सच्या ट्रकमध्ये १९४७ ते १९६७ या काळात वापरल्या गेलेल्या 'एसएम ४२०' या चार गतींच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर सुमारे सातास एक या प्रमाणाचा होता. या गिअरमध्ये ट्रक माणसाच्या चालीने सरकतो आणि मागच्या माणसाला हौद्यातील चारा जनावरांसमोर टाकत जाता येते. असे संथ व जड काम हाच त्या रचनेचा हेतू होता.

फोर्डचे ३०० घनइंची सहा सिलिंडरांचे इंजिन हेही याच परंपरेतील होय. १९६५ ते १९९६ अशी तीन दशके ते तयार होत राहिले. सात मुख्य बेअरिंगांवर फिरणारा क्रँक आणि साखळीऐवजी दात्यांच्या चक्रांनी फिरणारा कॅमशाफ्ट ही त्याची वैशिष्ट्ये होती. पाणी उपसण्याच्या पंपांवर व विद्युतजनित्रांवरही ते बसविले जात असे.

३) टिकाऊपणाचे खरे स्वरूप

जुने ट्रक बिघडत नसत, हा समज मात्र तपासून घेतला पाहिजे. शेव्हरोलेच्या २१६ घनइंची इंजिनात बॅबिट धातूची बेअरिंगे होती व कनेक्टिंग रॉडना तेल मुख्यतः उडवून पुरविले जाई. असे इंजिन महामार्गावर दीर्घकाळ वेगाने पळविले तर बेअरिंगे झिजत. १९५४ मध्ये ट्रकसाठी पूर्ण दाबाने तेल पुरविणारे २३५ घनइंची इंजिन आल्यावर हा दोष दूर झाला. कार्बोरेटरची सफाई, प्लग व पॉइंट बदलणे, व्हॉल्व्ह घासून बसविणे, पिस्टनच्या रिंगा बदलणे ही त्या काळातील नित्याची कामे होती. आजचे ट्रक यापेक्षा कितीतरी अधिक अंतर इंजिन न उघडता कापतात.

म्हणून येथे दोन संकल्पनांत भेद करणे आवश्यक आहे. न बिघडता चालणे ही विश्वासार्हता होय. बिघडल्यावर पुन्हा उभे राहता येणे ही दुरुस्तीक्षमता होय. जुना ट्रक विश्वासार्हतेत आजच्या ट्रकपेक्षा उणा असला तरी दुरुस्तीक्षमतेत सरस ठरतो. शेतावरील कोठारात पाने, जॅक आणि वेल्डिंगचे यंत्र असणारा मालक हा या ट्रकच्या आयुष्याचा अर्धा भागीदार होता.

आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आज दिसतात ते केवळ वाचलेले ट्रक होत. त्यांच्यासोबत बनलेले बहुसंख्य ट्रक केव्हाच भंगारात गेले. उत्तरेकडील राज्यांत हिमवर्षावाच्या काळात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने पत्रा व चासी गंजविली, तर नैर्ऋत्येकडील कोरड्या हवेने त्यांना जपले. त्यामुळे टिकाऊपणाचे श्रेय हवामानालाही द्यावे लागते.

४) सुट्या भागांची उपलब्धता

दुरुस्तीची इच्छा असूनही भाग मिळाले नाहीत तर वाहन मरते. अमेरिकन पिकअपच्या बाबतीत एकच रचना दीर्घकाळ चालू ठेवण्याचे धोरण मालकाच्या पथ्यावर पडले. जनरल मोटर्सची १९७३ मध्ये आलेली चौकोनी बांध्याची मालिका १९८७ पर्यंत मूळ रचनेत चालली. शेव्हरोलेचे 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आले आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांतील अनेक भाग एकमेकांना जुळत राहिले. परिणामी प्रत्येक भंगारवाडा हे एक कोठार बनले. १९६४ मध्ये आयात ट्रकवर लागू झालेल्या २५ टक्के शुल्कानेही देशी उत्पादकांचे वर्चस्व टिकण्यास व रस्त्यांवर त्याच वाहनांची गर्दी राहण्यास हातभार लावला.

या संदर्भात भारताशी असलेला दुवा नोंदविण्याजोगा आहे. जनरल मोटर्सचा मुंबईतील जुळणी कारखाना १९२८ ते १९५४ या काळात चालला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यात डॉज व फार्गो ट्रक बनविले. १९८९ पासून डॉज पिकअपमध्ये बसविलेले कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन ज्या 'बी' मालिकेतील आहे, त्याच मालिकेची इंजिने जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्येही तयार झाली. डॉजमधील हे इंजिन १९९८ पर्यंत यांत्रिक इंधनपंपावर चालत असे. कामकरी मालकांत त्याला आजही मागणी असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

५) दुरुस्तीचा अधिकार

१९९६ च्या मॉडेलवर्षापासून अमेरिकेत हलक्या वाहनांना 'ओबीडी-२' ही प्रमाणित निदानप्रणाली सक्तीची झाली. प्रदूषण नियंत्रणासाठी ती आवश्यक होती. तथापि पुढील काळात वाहनातील संगणकांची संख्या वाढली आणि बिघाडाचे निदान पान्याऐवजी आज्ञावलीवर अवलंबून राहू लागले. या आज्ञावलीवर हक्क कोणाचा, हा नवा प्रश्न उभा राहिला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये वाहनदुरुस्तीच्या अधिकाराच्या बाजूने कौल दिला. कोलोरॅडोने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी असा कायदा संमत केला. शेतकऱ्यांनी कायद्याद्वारे जे मागितले, ते त्यांच्या कोठारातील जुन्या ट्रकने त्यांना न मागता दिले होते.

६) मर्यादा

जुन्या ट्रकचा गौरव करताना त्याची किंमतही मोजली पाहिजे. सुरक्षापट्टा नसणे, ब्रेकची एकच वाहिनी, अपघातात न दबणारा स्टिअरिंगचा दांडा यांमुळे चालकाच्या जिवाला अधिक धोका असे. धूर शुद्ध करणारे साधन नसल्याने प्रदूषण अधिक होते. २००९ मध्ये अमेरिकन सरकारने अनुदान देऊन सुमारे ६ लाख ७७ हजार वाहने मोडीत काढली, त्यामागे इंधनबचतीचाही हेतू होता. त्या वाहनांची इंजिने सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून कायमची निकामी करण्यात आली. पंचवीस वर्षांहून जुनी वाहने मात्र या योजनेत पात्र नव्हती. इंधन वाचविणे आणि वस्तू वाचविणे या दोन्ही काटकसरीच आहेत. पण त्या नेहमीच एका दिशेने जात नाहीत, हे या योजनेवरून दिसते.

निष्कर्ष :

१) पिकअप ट्रकचे स्वरूप घडविण्यात उत्पादकाइतकाच ग्राहकाचा वाटा आहे.
२) जुन्या ट्रकचे दीर्घायुष्य साधी रचना, दीर्घकाळ न बदललेले भाग, अनुकूल हवामान आणि मालकाचे कौशल्य यांच्या संयोगातून घडले.
३) विश्वासार्हता वाढत असताना दुरुस्तीक्षमता घटली. ही प्रगती व हानी एकाच वेळी झाली असल्याने केवळ एकीची नोंद घेणारा इतिहास अपुरा ठरतो.
४) नव्या वाहनांची सुरक्षितता व स्वच्छता कायम ठेवून दुरुस्तीचे ज्ञान व अधिकार वापरकर्त्याकडे कसे राहतील, हा या इतिहासातून पुढे येणारा प्रश्न आहे. तो अभियांत्रिकीपुरता मर्यादित नसून कायदा, अर्थकारण आणि श्रमप्रतिष्ठा यांच्याशीही निगडित आहे. कुरणावर चारा वाहणारा सत्तर वर्षांचा ट्रक म्हणूनच केवळ संग्राह्य वस्तू ठरत नाही. यंत्र आणि ते वापरणारा माणूस यांच्यात एकेकाळी असलेल्या नात्याचा तो चालता पुरावा आहे.