नेड यांच्या अवजाराचे पेटंट कोणाचे?

"आरक्षणवाल्यांनी किती शोध लावले? किती पेटंट घेतली?" हा टोमणा आपल्या तरुणांना नेहमी ऐकावा लागतो. २०२३ साली जगभरात ३५ लाखांहून अधिक पेटंट अर्ज दाखल झाले, त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या चीनमध्ये. असे आकडे म्हणजे बुद्धीची मोजदाद, असे सांगितले जाते. आम्ही म्हणतो, ती आधी हक्काची मोजदाद आहे. पुरावा अमेरिकेच्या इतिहासात आहे.

१८२१ साली न्यूयॉर्कचे शिंपी थॉमस जेनिंग्ज यांना कपडे स्वच्छ करण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट मिळाले. पेटंट मिळवणारे ते पहिले ज्ञात कृष्णवर्णीय. ते जन्माने स्वतंत्र होते, म्हणून हे शक्य झाले.

मिसिसिपीतले नेड गुलाम होते. त्यांनी कपाशीच्या शेतीसाठी नवे अवजार बनवले. १८५७ साली मालक ऑस्कर स्टुअर्टने त्याचे पेटंट स्वतःसाठी मागितले. गुलामाचे श्रम मालकाचे, मग बुद्धीही मालकाचीच, हा त्याचा युक्तिवाद! पण शोधकर्त्याने स्वतः शपथ घ्यावी, असा कायदा होता. मालक शोधकर्ता नव्हता आणि गुलाम नागरिक नव्हता. १८५८ साली अ‍ॅटर्नी जनरलने निर्णय दिला: गुलामाच्या शोधाला पेटंट नाही. पुढे १८६१ साली गुलामीसाठी लढणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांनी अशी पेटंट मालकांना देणारा कायदाच केला.

त्या गुलामीच्या अंतासाठी झटणाऱ्या अमेरिकनांना जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली. पण गुलामी संपली तरी दहशत उरली. अर्थतज्ज्ञ लिसा कुक यांनी १८७० ते १९४० या काळातली कृष्णवर्णीयांची पेटंट तपासली. झुंडबळी, दंगली आणि विभक्ततेचे कायदे वाढले, तशी ही पेटंट घटली, असे त्यांना आढळले. माणसे तीच, बुद्धी तीच. जिवाची आणि कायद्याची हमी तेवढी गेली.

आता टोमण्याकडे वळू. भारतातल्या पेटंट अर्जात जातीचा रकाना नाही. मग "किती" हा हिशेब टोमणा मारणाऱ्याने कुठून आणला? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळा, जमीन आणि भांडवल नाकारले, त्यांच्या बुद्धीचे माप या आकड्यांवरून काढणे हा स्टुअर्टचाच वारसा आहे.

मित्रांनो, कॉलेजात, कारखान्यात, स्वतःच्या धंद्यात काही नवे घडवाल, तेव्हा अर्ज वाचा. शोधकर्ता म्हणून तुमचे नाव आहे का, ते पाहा. नसेल तर ते मागा. नेड यांना तो अधिकार नव्हता. तुम्हाला आहे.

जय भीम!