कावीळ उतरवणं : अथर्ववेदापासून मंडईपर्यंत

"डॉक्टर, तुमच्या गोळ्या घेतेच, पण आधी कावीळ उतरवून येऊ का?"

मंडईजवळ दवाखाना असल्यामुळे पावसाळ्यात हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. विचारणारी कधी गाळ्यावरची भाजीवाली मावशी असते, तर कधी चांगला इंजिनिअर झालेला तिचा मुलगा. पूर्वी मी चिडायचो. आता चिडत नाही, कारण हा प्रश्न जवळजवळ तीन हजार वर्षं जुना आहे.

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात काविळीवर चार ऋचांचं एक छोटं सूक्त आहे. त्यातली कल्पना मोठी लोभस आहे. रोग्याच्या अंगावरचा पिवळेपणा पोपटांकडे आणि पिवळ्या पक्ष्यांकडे जावो, आणि त्याला तांबड्या गाईचा निरोगी लाल रंग येवो. मंत्र म्हणताना नेमकं काय करायचं, ते पुढे कौशिकसूत्रात सांगितलं आहे. लाल बैलाचे केस टाकलेलं पाणी पाजायचं, हळदीचा भात खायला घालायचा, उरलेला भात अंगाला फासायचा, खाटेखाली पिवळे पक्षी बांधायचे आणि मग रोग्याला अंघोळ घालायची. पिवळं पिवळ्याकडे जाईल, हा त्यामागचा तर्क.

गंमत बघा. त्या काळी काविळीत हळद खाऊ घालत, आज माझा पेशंट कावीळ झाली की पहिली हळद बंद करतो. कृती उलटी झाली, पण रंगाचा तर्क तोच राहिला. खरं तर वरणातल्या चिमूटभर हळदीने काविळीत काहीही बिघडत नाही. डोळे पिवळे होतात ते बिलिरुबिनमुळे. तांबड्या रक्तपेशी जुन्या होऊन मोडल्या की हे द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तातून आतड्यात सोडतं. यकृत सुजलं किंवा पित्ताची नळी तुंबली की ते रक्तात साठतं.

आता उतरवण्याकडे येऊ. काही ठिकाणी हातावरून चुन्याची निवळी सोडतात आणि खाली पाणी पिवळं पडतं. हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असला की निरोगी माणसाच्या हातांखालीही पाणी पिवळंच होतं. माळेचंही तसंच. झाडाच्या काड्यांचे तुकडे सैल गाठींत बांधलेले असतात. काड्या सुकतात, गाठी सुटत जातात, माळ लांबते. घरच्यांना वाटतं, कावीळ उतरते आहे.

मग लोक बरे होतात ते कसे? हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्यातून येणाऱ्या हेपटायटिस ए किंवा ई या विषाणूंमुळे होते. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. गोळ्यांनीही नाही आणि मंत्रानेही नाही. डोळे हळदीसारखे झाले की माणूस उतरवायला पळतो, आणि साधारण त्याच सुमाराला बिलिरुबिन उतरायला लागलेलं असतं. श्रेय माळेला जातं. (कधी कधी मलाही जातं, आणि मी ते गुपचूप घेतो.)

पण आपली परंपरा मंत्रापाशी थांबली नव्हती, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचं आहे. चरकसंहितेने उपचारांचे तीन प्रकार मानले. मंत्र, मणी, होम यांचा दैवव्यपाश्रय, आहार-औषधाचा युक्तिव्यपाश्रय आणि मन ताब्यात ठेवण्याचा सत्त्वावजय. मंत्राला जागा आहे, पण त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाचा अध्याय उघडला की तिथे रंगाची जादू नाही, निरीक्षण आहे. कफाने पित्ताचा मार्ग अडला तर शौच वाटलेल्या तिळासारखं फिकट होतं, असं चरक सांगतो. आणि उपचार कुठवर चालू ठेवायचे? तर शौचाला पुन्हा पित्ताचा रंग येईपर्यंत.

मार्ग अडला की शौच पांढुरकं होतं, हेच आजही आम्ही शिकवतो.

काही वर्षांपूर्वी मंडईतले एक हमाल माझ्याकडे आले. पन्नाशीचे. तीन आठवडे माळ घालत होते. अंगाला इतकी खाज, की पाठ ओरबाडलेली. शौच पांढरं व्हायला लागल्याचं त्यांच्या बायकोच्या लक्षात आलं होतं, तिने उतरवणाऱ्याला विचारलंही होतं. "कावीळ बाहेर पडतेय," असं तिला उत्तर मिळालं. माझ्याकडे आले तेव्हा थंडी वाजून ताप भरला होता आणि रक्तदाब खाली गेला होता. सोनोग्राफीत पित्तनलिकेत अडकलेला खडा दिसला. दुर्बिणीने तो काढला, आठ दिवस आयसीयूत काढावे लागले, आणि ते वाचले. त्या माउलीने जे पाहिलं तेच चरकाने लिहून ठेवलं होतं. तिला ते खरं मानणारं कुणी भेटलं नाही, एवढंच.

म्हणून आता मावशीला मी सांगतो, "उतरवायला जायचं तर जा, मावशी. पण आधी रक्त देऊन जा. नाकात कसला रस सोडू देऊ नका, डाग देऊ देऊ नका, झाडपाला पोटात घेऊ नका. पाणी उकळून प्या, आणि उसाचा रस बर्फ घालून तर नकोच. शौच पांढरं दिसलं, अंगाला खाज सुटली, थंडी वाजून ताप आला, उलटी थांबेना, कुठून रक्त आलं, किंवा माणूस गुंगीत बडबडायला लागला, तर त्याच दिवशी या. आणि सून गरोदर आहे ना? तिचे डोळे पिवळे दिसले तर माझ्याकडेही थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. गरोदरपणात ई कावीळ जिवावर बेतू शकते."

मावशी मान हलवते. मग हळूच विचारते, "आणि डॉक्टर, वरणात हळद घातली तर चालेल?"

घाला की.