रामन यांची निळाई आणि प्रवाळांचा दिवा

१९२१ साली इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ‘नारकुंडा’ जहाजावरून निकोल लोलकातून भूमध्य समुद्र न्याहाळला. लोलकाने पृष्ठभागावरचे आकाशाचे परावर्तन छाटले, तरी निळाई ओसरली नाही. उलट अधिक गडद झाली. समुद्राचा रंग उसना नव्हता.

पाणी लाल किरण लवकर शोषते, निळे खोलवर पोहोचू देते. प्रवाळांच्या ऊतींतील सूक्ष्म शैवाले त्याच प्रकाशावर अन्न घडवतात. पुढे न्यू कॅलेडोनियात रने कताला यांनी खोल पाण्यातील प्रवाळांवर अतिनील किरण टाकले, तेव्हा मळकट भासणारे ते जीव हिरवे-केशरी उजळले. हौशी मत्स्यालयांतील निळ्या दिव्यांचा मोह बहुधा याच दृश्याचा. आधीचे मेटल हॅलाइड दिवे फार तापत. १९९३ नंतरच्या प्रखर निळ्या एलईडींनी ती अडचण दूर केली. छायाचित्रकाराची मात्र वाढवली: कॅमेऱ्याला सारेच निळे दिसते, भिंगापुढे पिवळा फिल्टर धरल्यावरच प्रवाळांची प्रतिदीप्ती उमटते.

भारतात प्रश्न दिव्याच्याही आधीचा आहे. २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीत आहेत. कच्छच्या आखातातून उचललेला तुकडा काचपेटीत कितीही तजेलदार वाढला, तरी तो गुन्हाच ठरतो.