शाईवांचून उमटलेला कागद : सोमनाथ होर यांच्या 'जखमा'

आमच्या संशोधनाच्या व्यवहारांत 'कागद' या शब्दाचा अर्थ 'लेख' असाच रूढ झाला आहे. अमक्या घराण्याचे कागद मिळाले असें आम्ही म्हणतों, तेव्हां जुन्नरी किंवा दौलताबादी कागदाचा पोत आमच्या मनांत नसतो. त्यावरील मोडी अक्षर तेवढें असतें. कागद अस्सल कीं बनावट हा वाद निघाला म्हणजे मात्र त्याची जाडी, घोटाई व तंतु यांकडे वळावें लागतें, आणि मग अक्षराइतकीच कागदाचीहि साक्ष घ्यावी लागते. ज्यावर अक्षर नाहीं, शाईहि नाहीं, अशा कागदाची साक्ष कितपत ग्राह्य मानावी, हा प्रश्न बंगालचे चित्रकार व शिल्पकार सोमनाथ होर यांच्या एका कृतिमालेनें उपस्थित केला आहे. त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

होर यांचा जन्म इ. स. १९२१ मध्यें चितगांव जिल्ह्यांत झाला व मृत्यु २००६ सालीं शांतिनिकेतनांत झाला. त्यांच्या ऐन तारुण्यांत, १९४३ सालीं, बंगालवर दुष्काळ कोसळला. सरकारी चौकशी मंडळानें १९४५ सालीं मृतांची संख्या सुमारें १५ लक्ष धरली. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लक्षांपर्यंत जातात. चितगांवच्याच मुलखांत वावरणाऱ्या चित्तप्रसाद भट्टाचार्य यांनीं होरांना भुकेलीं माणसें समोर पाहून काढण्याचा नाद लावला. पुढें कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेंत झैनुल आबेदिन हे त्यांना शिक्षक लाभले. याच आबेदिनांनीं दुष्काळाचीं प्रसिद्ध चित्रें अगदीं हलक्या प्रतीच्या कागदावर काळ्या शाईनें काढलीं होतीं. १९४६ च्या अखेरीस वांटेकरी कुळांनीं पिकाचे दोन-तृतीयांश मागून तेभागा चळवळ उभारली, तेव्हां होर रंगपूर भागांत गेले. त्या दिवसांची त्यांची सचित्र दैनंदिनी पुढें प्रसिद्ध झाली आहे.

या काळांतील कागद किती दुर्बळ होता, याचें एकच उदाहरण पुरे. चित्तप्रसादांनीं मिदनापूरची पायपीट करून 'हंग्री बेंगॉल' हें सचित्र पुस्तक सिद्ध केलें. इंग्रज सरकारनें त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. एक प्रत कुटुंबाकडे जपून राहिली, म्हणून तें आज आपणांस ठाऊक आहे. (चित्तप्रसाद १९४६ नंतर मुंबईस अंधेरीला येऊन राहिले, हें आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या स्मरणांत असेल.)

दिल्लींतील अध्यापनानंतर होर शांतिनिकेतनच्या कलाभवनांत मुद्राचित्रण शिकवूं लागले आणि १९७० नंतरच्या दशकांत 'जखमा' ही माला त्यांनीं हातीं घेतली. तिची कृति बारकाईनें पाहण्याजोगी आहे. नेहमींच्या छपाईंत कागद आधीं तयार असतो. ठशाला शाई लावून तो त्यावर दाबतात. होरांनीं हा क्रमच मोडला. माती किंवा मेण यांचा सपाट थर घेऊन त्यावर ते सुरीनें, धारेनें वार करीत, खरडीत, भोंसकीत. त्या थरावरून सिमेंटाचा सांचा घेत आणि सांच्यांत कागदाचा ओला लगदा दाबून वाळूं देत. मातींत जी खांच, ती सिमेंटांत उंचवटा होई व कागदांत पुन्हां खांच होऊन उमटे. वाराच्या कडेला उचललेली सालहि तशीच्या तशी येई. लगद्यांतील तंतु पाणी निघून जातां जातां एकमेकांस घट्ट धरतात, त्यास खळीची गरज लागत नाहीं. त्यामुळें कागद आणि त्यावरील घाव हे एकाच वेळीं जन्मास येतात. पांढऱ्यावर पांढरें असें हें काम आहे. क्वचित् कोठें तांबूस छटा. उजेड तिरपा पडला तरच तें दिसतें, समोरून पाहणाऱ्यास कोरा कागद वाटावा!

येथें मतभेदास जागा आहे. या मालेंत माणूस नाहीं, गांव नाहीं, साल नाहीं. तेव्हां ही निव्वळ अमूर्त रचना होय, तिचा इतिहासाशीं संबंध काय, अशी शंका घेतां येईल. होरांनीं स्वतः लिहून ठेविलेलें कारण मात्र निराळें आहे. झाडावरचा व्रण, मालमोटारीच्या चाकानें फाटलेला रस्ता, विनाकारण भोंसकला गेलेला माणूस, या साऱ्यांतून वस्तु गळून पडली व जखम तेवढी उरली, असा त्यांचा आशय आहे. आमच्या मतें हा पुरावा ग्राह्य आहे. मात्र कशाचा, तें स्पष्ट ठेवावें. दुष्काळांत किती मेले, कोठें मेले, हें या कागदांवरून सिद्ध व्हावयाचें नाहीं; त्यासाठीं १९४३ चीं रेखाचित्रें व चौकशीचे अहवालच धुंडाळले पाहिजेत. परंतु पाहणाऱ्याच्या मनांत तीस वर्षांनंतर काय शिल्लक राहिलें, या प्रश्नास अहवालांत उत्तर नाहीं, तें येथें आहे.

कालक्रमाचा आणखी एक मुद्दा आहे. होरांचीं धातुशिल्पें १९७४ पासूनचीं, म्हणजे लगद्याचें काम आरंभिल्यानंतरचीं आहेत. त्यांतहि मेणाचे पत्रे कापून, चिरून, जोडून ते आकृति उभी करीत आणि मग ती ब्राँझमध्यें ओतीत. बरगड्या व खपाटीला गेलेलीं पोटें असलेल्या या लहान मूर्ति पाहतांना तोच सुरीचा हात ओळखूं येतो. यावरून आम्हांस असें वाटतें कीं, मुद्राचित्रकार होरांना शिल्पाकडे नेणारी वाट कागदांतूनच गेली. सपाट पृष्ठास खोली असते हें त्यांस प्रथम लगद्यानें दाखविलें. व्हिएतनामच्या जनतेच्या लढ्यास उद्देशून त्यांनीं घडविलेली माता व बालक ही मोठी ब्राँझमूर्ति १९७७ सालीं पुरी होतांच कलाभवनांतून चोरीस गेली व पुन्हां हातीं लागली नाहीं. धातूची ती मूर्ति गेली. लगद्याचे पांढरे कागद संग्रहांतून अद्याप पाहावयास मिळतात.