आठ फुटांची फळी आणि साधी मोटार

१९२० साली अमेरिकेत ‘वन वीक’ हा बस्टर कीटनचा लघुमूकपट प्रदर्शित झाला. नवविवाहित जोडप्याला लग्नाची भेट म्हणून जमिनीचा एक तुकडा आणि खोक्यांत भरलेले घराचे सुटे भाग मिळतात. नायिकेचा झिडकारलेला प्रियकर खोक्यांवरचे क्रमांक बदलून ठेवतो आणि घर वेडेवाकडे उभे राहते. पुढे कळते की ते भलत्याच जागेवर बांधले गेले आहे. आपली जागा रेल्वेरुळांच्या पलीकडे आहे. मग नायक ते अख्खे घर आपल्या मोटारीला जोडून ओढू पाहतो. मोटार मोडते, घर रुळांवर अडकते आणि आगगाडी त्याचा चुराडा करून निघून जाते.

फोर्ड कंपनीने १९१९ मध्ये काढलेल्या ‘होम मेड’ या माहितीपटाचे हे विडंबन होते, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. सामान्य माणसाच्या दारी मोटार नेऊन उभी करणाऱ्या कंपनीनेच त्याला तयार भागांचे घर कसे उभारावे हेही पडद्यावर दाखवले होते. ते लाकूड आणि ती मोटार एकमेकांशी बांधली की काय होते, हा उरलेला भाग कीटनने दाखवला. साध्या मोटारीतून लाकूड नेताना होणाऱ्या फजितीकडे व अपघातांकडे आजवर बहुधा वैयक्तिक वेंधळेपणा म्हणूनच पाहिले गेले आहे. आमच्या मते त्याला एक इतिहास आहे, आणि तो प्रामुख्याने अमेरिकेचा आहे. लाकडाचे माप घराने ठरवले, मोटारीचे माप बसणाऱ्या माणसाने ठरवले, आणि या दोन मापांचा मेळ घालण्याचे काम मात्र हळूहळू गिऱ्हाइकाच्या अंगावर येऊन पडले, असा तो इतिहास आहे.

प्रथम लाकडाचे माप पाहू. अमेरिकन घराचा सांगाडा एकोणिसाव्या शतकापासून सडपातळ लाकडी खांबांचा आहे. हे खांब एकमेकांपासून सोळा इंचांवर उभे करण्याचा प्रघात रूढ झाला. प्लायवुडचे चार फूट बाय आठ फूट हे माप १९२८ मध्ये प्रमाण म्हणून बाजारात आले. चार फूट म्हणजे सोळा इंचांची तिप्पट आणि आठ फूट म्हणजे सहापट. तक्त्याची कड नेमकी खांबावर येऊन टेकावी, अशी ही योजना होती. घराच्या अंगाने विचार केला तर हे व्याकरण निर्दोष आहे. परंतु चार माणसे बसवून गावात फिरणारी मोटार या व्याकरणात कोठेच नाही.

आरंभी हा विरोध जाणवत नसे, कारण लाकूड पोहोचते करणे हा विक्रीचाच भाग होता. सीअर्स कंपनीने १९०८ ते १९४० या काळात टपालाच्या सूचिपत्रावरून घरांचे संच विकले. ते आगगाडीच्या डब्यांतून जवळच्या स्थानकापर्यंत येत आणि तेथून घोडागाडीने वा ट्रकने जागेवर जात. गावातली लाकडाची वखारही आपल्या गाडीने, आपल्या माणसांकरवी माल पोहोचवी. आठ फुटांची फळी त्यामुळे आठ फुटांच्याच गाडीत बसे.

शेतकऱ्याने मात्र मोटारीकडे प्रथमपासूनच ओझ्याचे जनावर म्हणून पाहिले. १९०८ साली आलेल्या मॉडेल टी गाडीचा मागचा भाग काढून तेथे लाकडी खोके ठोकण्याची रीत इतकी पसरली, की १९२५ मध्ये फोर्डने स्वतःच पिकअप जातीची गाडी २८१ डॉलरांना विकायला काढली. स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) या कादंबरीतील जोड कुटुंब हडसनची जुनी मोटार कापून तिचा ट्रक करते आणि त्यावर सारा संसार लादून कॅलिफोर्नियाकडे निघते, हे साहित्याच्या अभ्यासकांस सांगावयास नको. मोटार लाकडाला पुरत नसेल तर मोटारच कापावी, हा एक मार्ग झाला. परंतु तो ज्यांना पुन्हा सहकुटुंब फिरावयास जायचे नव्हते त्यांच्यासाठी होता.

दुसरा मार्ग स्टेशन वॅगनचा. रेल्वेस्थानकावरून उतारू व त्यांचे सामान नेण्यासाठी मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी डबा चढवीत, त्यातून हे नाव आले. फोर्डने १९२९ पासून या गाड्या स्वतः विकल्या आणि त्यांचे लाकूड मिशिगन राज्यातील आपल्याच जंगलांतून आणले. म्हणजे लाकूड वाहणारी ही गाडी बराच काळ स्वतःही लाकडाचीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकूड जाऊन पोलाद आले आणि वॅगन मध्यमवर्गीय कुटुंबाची खूण बनली. त्याच सुमारास घराचीही खूण बदलत होती. लाँग आयलंडवरील लेव्हिटटाउन या वसाहतीचे बांधकाम १९४७ मध्ये सुरू झाले. तेथील सुरुवातीच्या घरांचा माळा अपुराच ठेवलेला असे. तो मालकाने सवडीने पुरा करावा, अशी अपेक्षा होती. अशा अपुऱ्या माळ्यांतून ‘स्वतःच करा’ या छंदाची लाट उसळली. ऑगस्ट १९५४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने तिला मुखपृष्ठावर स्थान दिले. आता सुतार नव्हे, तर कार्यालयातून घरी आलेला गृहस्थ शनिवारी वखारीत जाऊ लागला.

वखारीनेही आपले रूप पालटले. पेनसिल्व्हेनियातील एटी फोर नावाच्या खेड्यात १९५६ साली निघालेल्या ‘एटी फोर लंबर’ या दुकानाचे तत्त्व सरळ होते : रोख पैसे द्या आणि माल स्वतः घेऊन जा. किंमत उतरली, कारण पोहोचवण्याचा खर्च किमतीतून वगळला गेला. तो नाहीसा मात्र झाला नव्हता. गिऱ्हाइकाच्या मोटारीच्या टपावर, त्याच्या दोरीच्या गाठीत आणि त्याच्या नशिबात तो जाऊन बसला होता. जून १९७९ मध्ये अटलांटा येथे ‘होम डेपो’ची पहिली दुकाने उघडली, तेव्हा हे तत्त्व गोदामाएवढे मोठे झाले. योगायोग असा, की त्याच उन्हाळ्यात तेलटंचाईमुळे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या आणि मोटारी आखूड होऊ लागल्या होत्या. जनरल मोटर्सच्या १९७१ ते १९७६ मधील अजस्र वॅगनांत प्लायवुडचा पूर्ण तक्ता आडवा ठेवून मागचे दार लावता येई. दुकान वाढले त्याच काळात ती गाडी गेली.

या विसंगतीतून जे अपघात घडतात त्यांचे प्रकार फार नाहीत. पहिला प्रकार काचेचा. लांब फळी डिकीतून आत सारून, आसने पाडून, पुढच्या काचेशी टेकवलेली असते. मोटार थांबते, फळी थांबत नाही. दुसरा दोरीचा. टपावरचे लाकूड बांधताना दारे लावून खिडक्यांतून दोरी ओवली, की लाकडाबरोबर दारेही बांधली जातात आणि गृहस्थास खिडकीतून आत शिरावे लागते. तिसरा तोलाचा. मागे फार लांब डोकावणारे ओझे तरफेप्रमाणे वागते. पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू नीट ऐकेनासे होते. चौथा प्रकार निःशब्द आहे. मागचे दार उघडे ठेवून चालवलेल्या गाडीत तिचाच धूर परत आत ओढला जातो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

पाचवा प्रकार वाऱ्याचा, आणि तोच सर्वांत फसवा. पाऊण इंची प्लायवुडच्या तक्त्याचे वजन ३० किलोच्या आसपास असते. उचलताना ते इतके जाणवते की हे उडेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु ताशी ६० मैल वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४५ किलो होतो, आणि तक्त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ तीन चौरस मीटर असते. पुढची कड किंचित उचलली गेली आणि या जोराचा चौथा हिस्सा जरी वर ढकलण्याच्या कामी आला, तरी तक्ता तरंगू लागतो. शिवाय वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. खिडकीतून हात काढून तक्ता धरून ठेवणारा चालक गल्लीतून सुखरूप बाहेर पडतो, आणि त्याच विश्वासावर महामार्गाला लागतो.

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली ती मापाच्याच भाषेत. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या नियमांनुसार प्रवासी मोटारीवरील ओझे डाव्या बाजूस मडगार्डाच्या रेषेबाहेर मुळीच जाता कामा नये, उजवीकडे मात्र सहा इंचांपर्यंत चालेल. तेथे वाहने उजवीकडून चालतात, तेव्हा समोरून येणारा माणूस डाव्या अंगाने जातो, हे त्यामागील कारण. मागे चार फुटांहून अधिक डोकावले तर दिवसा लाल फडके आणि रात्री लाल दिवा. या नियमांत बाहेर आलेल्या टोकाचा विचार पुष्कळ आहे, पण गाठ कशी आहे याचा विचार दीर्घकाळ तोकडाच राहिला.

त्याची किंमत २००४ साली वॉशिंग्टन राज्यात दिसली. रेंटन शहराजवळ भाड्याच्या उघड्या ट्रेलरवरून घरगुती सामानातील एक लाकडी फळी उडाली आणि मागून येणाऱ्या तरुणीच्या मोटारीची काच फोडून आत घुसली. ती वाचली, परंतु तिची दृष्टी कायमची गेली. ओझे नीट न बांधणे ही तोवर त्या राज्यात दंड भरून मिटणारी चूक होती. २००५ च्या कायद्याने, त्यातून कोणास इजा झाल्यास, ती गुन्हा ठरली. अमेरिकन मोटारचालक संघटनेच्या प्रतिष्ठानाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०११ ते २०१४ या चार वर्षांत रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे दोन लाखांहून अधिक अपघात झाले आणि पाचशेहून अधिक माणसे मेली.

येथे साहित्याच्या वाचकास एक गोष्ट जाणवल्यावाचून राहणार नाही. फळीने स्वतःच्याच गाडीची काच फोडली तर तो प्रहसनाचा विषय होतो. तीच फळी मागच्या गाडीवर गेली की प्रहसन संपते. कृती एकच, गाठही तीच, फक्त ती भोगणारा बदलतो. कीटनच्या चित्रपटात नुकसान सोसणारे दोघे आपलेच घर गमावतात, म्हणून आपण हसू शकतो.

आपल्याकडे ही कथा वेगळ्या वळणाने गेली. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात वखारीतून लाकूड निघते ते हमालाच्या खांद्यावरून, हातगाडीवरून वा टेम्पोतून. प्लायवुड घेणारा गृहस्थ सहसा ते स्वतःच्या मोटारीवर बांधीत नाही. ओझे वाहणे हे एक वेगळे काम आहे आणि ते करणारा माणूस आहे, ही जाणीव येथे इतकी ठसठशीत होती की १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणून आपली व्यवस्था अधिक सुरक्षित आहे, असे आम्ही म्हणणार नाही. हातगाडीवरून पुढेमागे डोकावणाऱ्या सळ्या व वासे आपण रोज चुकवतो, आणि मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या ओझ्यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ साली वीस हजार रुपयांचा दंड घालावा लागला तो उगाच नव्हे. फरक इतकाच, की येथे ते शेवटचे दोन-तीन मैल अजून कोणाच्या तरी मजुरीत मोजले जातात. तिकडे ते किमतीतून काढून टाकले गेले आणि स्वस्ताई म्हणून परत विकले गेले.

‘वन वीक’च्या शेवटी नायक त्या भग्नावशेषांवर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावतो, तिला घरबांधणीचे सूचनापत्रक जोडतो आणि पत्नीचा हात धरून चालू लागतो. दोघे चालतच जातात. मोटार तर केव्हाच मोडलेली असते.