बार्शी लाइट रेल्वेचा पांच टनांचा नियम

(१)

शिलालेख, ताम्रपट, नाणीं व दप्तरें यांस इतिहासांत जें प्रामाण्य आहे तें यंत्रांच्या नकाशांस व वजनांच्या कोष्टकांसही असावें, हें मत मांडण्याकरितां प्रस्तुत लेख लिहिला आहे. हें मत मला आरंभापासून होतें असें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका रद्दीच्या दुकानांत मोडी रुमाल धुंडाळीत असतां रेल्वेच्या जुन्या कागदांचें एक बाड हातीं लागलें. निळ्या कागदावर पांढऱ्या रेषांनीं इंजिनांच्या आकृति काढलेल्या असून प्रत्येक चाकाखालीं कांहीं आंकडे मांडलेले होते. आपला विषय नव्हे म्हणून मीं रुमाल तेवढा घेतला व बाड तेथेंच ठेविलें. पुढें त्या आंकड्यांचा अर्थ उमगल्यावर मी पुन्हां गेलों, तों बाड लगद्यास गेलेलें होतें. तें कोणत्या मार्गाचें होतें हेंही मीं पाहिलें नव्हतें. ही चूक सर्वस्वीं माझी. ती इतर संग्राहकांकडून होऊं नये म्हणून त्या आंकड्यांची योग्यता येथें सांगतों.

वाफेच्या इंजिनाचा इतिहास सामान्यतः बॉयलर व दट्ट्या यांच्या सुधारणेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खोटा नाहीं, परंतु अपुरा आहे. इंजिन केवढें असावें हें शक्तीनें जितकें ठरविलें तितकेंच रुळांच्या सोसण्यानें ठरविलें, आणि रूळ किती सोसतील हें एकंदर वजनापेक्षां तें वजन किती आंसांवर व कसें वांटलें आहे यावर अवलंबून राहिलें. या सिद्धान्ताचें स्वच्छ उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यांतच घडलें आहे. तेथपर्यंत येण्यापूर्वीं पूर्वपीठिका थोडक्यांत पाहूं.

(२)

प्रथम परिभाषा. संस्कृत ‘अक्ष’ या शब्दापासून आपला ‘आंस’ शब्द आला. धुरा वाहणाऱ्या बैलास ‘धुर्य’ म्हणतात. तो जोखडाचा भार मानेवर घेतो आणि गाडा ओढतोही. इंजिनाचीं चाकें दोन प्रकारचीं असतात. दट्ट्याशीं व परस्परांशीं दांड्यांनीं जोडलेलीं चाकें या अर्थानें धुर्य होत. तीं वजन वाहतात आणि ओढतातही. उरलेलीं चाकें केवळ भारवाही. धुर्य चाकांची ओढण्याची ताकद त्यांच्यावर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असते. कोरड्या रुळावर त्या वजनाच्या सुमारें चतुर्थांशाइतकी ओढ मिळते. तिच्यापलीकडे जोर केल्यास चाकें जागच्याजागीं फिरूं लागतात. म्हणजे धुर्य चाकांवर वजन कमी पडलें तर गाडी ओढवत नाहीं, आणि कोणत्याही एका आंसावर वजन फार पडलें तर रूळ मोडतो. या दोन संकटांमधील वाट काढणें म्हणजेच भारविभागणी होय.

या लेखांत चाकांची मांडणी तीन आंकड्यांनीं दाखविली आहे: पुढील भारवाही चाकें, धुर्य चाकें व मागील भारवाही चाकें. ही पद्धति व्हाइट यानें १९०० सालीं प्रचारांत आणली. जुन्या कागदांवर ती आढळल्यास कागद त्यानंतरचा समजावा, एवढा कालनिर्णयाचा लाभ तिजपासून संग्राहकांस होतो.

(३)

रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या इंजिनानें २१ फेब्रुवारी १८०४ रोजीं वेल्समधील पेनिडॅरन येथून दहा टन लोखंड व सुमारें सत्तर माणसें घेऊन नऊ मैलांहून अधिक मजल मारली. हा प्रयोग पुढें टिकला नाहीं, यावरून इंजिनांत शक्ति नव्हती किंवा गुळगुळीत चाकें घसरत होतीं असा ग्रह होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. इंजिन चाललें, ओझें ओढलें. पण घोड्यांच्या गाड्यांकरितां अंथरलेल्या बिडाच्या पट्ट्या त्याच्या भारानें तुटूं लागल्या. दोष रुळांचा होता, आणि ते बदलण्याचा खर्च कोणास पेलणारा नव्हता.

यानंतर दोन मार्ग निघाले. ब्लेंकिन्सॉप यानें १८१२ सालीं लीड्सजवळील मिडलटन येथें रुळाच्या कडेस दांते बसविले व इंजिनाचें दांतेरी चाक त्यांत अडकविलें. ओढण्याकरितां वजनाची गरज राहिली नाहीं, म्हणून इंजिन हलकें ठेवतां आलें. दुसरा मार्ग वायलम येथील खाणीवर विल्यम हेडली यानें काढला. चाकें हातानें फिरवावयाचें एक गाडें करून, गुळगुळीत चाकांची पकड पुरेशी आहे हें त्यानें आधीं पडताळून पाहिलें आणि मग इंजिन बांधलें. तेंही पट्ट्या मोडूं लागलें, तेव्हां १८१५ च्या सुमारास त्यानें चार चाकांऐवजीं आठ चाकें लावलीं. बॉयलर तोच, शक्ति तीच. प्रत्येक चाकाखालीं पडणारा भार मात्र जवळजवळ निम्मा झाला. पुढें १८३० च्या सुमारास बळकट रूळ आले, तेव्हां हींच इंजिनें पुन्हां चार चाकांवर आणलीं गेलीं. रूळ बदलतांच चाकांची संख्या बदलते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

जॉर्ज स्टीफन्सन यास हें नातें पुरतें कळलें होतें. १८१६ सालीं त्यानें लॉश याच्यासह घेतलेल्या पेटंटांत रुळांचे सुधारलेले सांधे, सुधारलेलीं चाकें आणि वाफेच्या दाबावर इंजिन तोलून धरण्याची युक्ति हीं तिन्ही एकत्र आहेत. त्या वेळीं पोलादी पाट्यांच्या कमानी इंजिनाचें वजन पेलण्याइतक्या भरंवशाच्या नव्हत्या, म्हणून वाफेलाच कमानीचें काम दिलें. १८२० सालीं बर्किनशॉ यानें घडीव लोखंडाचे लांब रूळ लाटण्याची रीत काढल्यावर रुळांची बाजू सावरली.

१८२९ च्या ऑक्टोबरांत रेनहिल येथें झालेल्या स्पर्धेच्या अटी तर या दृष्टीनें मुळांतून वाचण्याजोग्या आहेत. पाणी धरून इंजिनाचें वजन सहा टनांहून अधिक नसावें. तें कमानींवर तोललेलें व सहा चाकांवर ठेविलेलें असावें. वजन साडेचार टन किंवा त्याहून कमी असेल तरच चार चाकें चालतील, असा नियम होता. स्टीफन्सनचें ‘रॉकेट’ सव्वाचार टनांचें होतें, म्हणून चार चाकांवर नियमांत बसलें. हॅकवर्थचें ‘सां पॅरेल’ साडेचारांच्या वर गेलें. नियमाबाहेर असूनही त्यास धांवूं दिलें गेलें. वेगाच्या या गाजलेल्या शर्यतींत परीक्षकांनीं घड्याळाइतकाच कांटाही मानला होता.

(४)

चाकें वाढविल्यानें भार वांटला जातो, पण तो सारखाच वांटला जाईल असें नाहीं. चार पायांचा चौरंग ओबडधोबड जमिनीवर डुलतो व त्याचा एक पाय अधांतरीं राहतो. तिवई मात्र कोठेंही ठेविली तरी तिचे तिन्ही पाय टेकतात. इंजिनाचेंही तसेंच आहे. एका चाकाखालीं रूळ दबला तर त्या चाकाचें ओझें शेजारच्या चाकावर पडतें आणि कागदावरचा समान वांटा फुकट जातो.

अमेरिकेंत रूळमार्ग घाईनें व स्वस्तांत घातलेले होते, म्हणून या प्रश्नाचें उत्तर तेथें निघालें. जॉन जर्व्हिस यानें १८३२ सालीं इंजिनाच्या पुढील टोंकाखालीं मध्यावर फिरणारी चार चाकांची बोगी घातली. वळणावर तीच पुढें होऊन इंजिनास वाट दाखवूं लागली. जोसेफ हॅरिसन यानें १८३८ सालीं तोलदांड्याचें पेटंट घेतलें. एका बाजूच्या दोन धुर्य चाकांच्या कमानी मध्यावर टेकलेल्या एका दांड्यानें जोडावयाच्या, म्हणजे एक चाक खालीं गेलें तरी दांडा कलून दोहोंवरील भार सारखा राहतो. दोन बाजूंचे दोन तोलदांडे आणि पुढील बोगीचा मध्य मिळून तीन आधार झाले. चौरंगाची तिवई झाली.

(५)

आतां आपल्याकडील प्रकरण. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप हा इंजिनियर १८८२ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरींत आला. बार्शी ही कापसाची व धान्याची मोठी पेठ असूनही मुख्य मार्गापासून वीस-एकवीस मैल दूर पडलेली होती व माल बैलगाड्यांनीं जात असे. तेथें अरुंद मापाचा मार्ग न्यावा, ही कॅल्थ्रॉपची कल्पना. १८९५ सालीं कंपनी स्थापन झाली आणि १८९७ सालीं बार्शी रोड, म्हणजे हल्लींची कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. माप अडीच फूट. रूळ दर यार्डास तीस पौंड वजनाचे.

या मार्गाचें वैशिष्ट्य म्हणून सर्वत्र त्याचें अरुंद माप सांगितलें जातें. माझ्या मतें खरें वैशिष्ट्य दुसरें आहे. कॅल्थ्रॉपनें असा नियम घातला कीं, इंजिन असो, उतारूंचा डबा असो, मालाची वाघीण असो, कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये. आणि मालवाहू वाघिणी अशा बांधाव्या कीं, पूर्ण भरल्यावर त्या या मर्यादेस पोंचाव्या. यांतील हिशेब व्यापाऱ्याचा आहे. इंजिनाच्या आंसावर आठ टन व वाघिणीच्या आंसावर तीन टन पडत असतील, तर मार्गभर महाग रूळ केवळ इंजिनाकरितां घालावे लागतात आणि वाघिणींच्या चाकांखालीं त्यांची ताकद वायां जाते. सर्व आंसांस एकच मर्यादा दिली म्हणजे रुळाच्या प्रत्येक पौंडाचा मोबदला मिळतो. म्हणून त्यानें वाघिणींस पंचवीस फूट लांब व सात फूट रुंद असा एकच सांगाडा ठरविला, दाबून घडविलेल्या पोलादाचा उपयोग करून त्यांचें रिकामें वजन उतरविलें, आणि त्या चार-चार चाकांच्या दोन बोग्यांवर ठेविल्या. चार आंस व दर आंसास पांच टन धरतां भरलेली वाघीण वीस टनांपर्यंत जाऊं शके. अडीच फुटी मार्गास हें प्रमाण लहान नव्हे.

इंजिनें लीड्स येथील किट्सन यांच्या कारखान्यांत झालीं. मांडणी ०-८-४: आठ धुर्य चाकें, आणि मागें कोळसा व पाणी यांच्या ओझ्याखालीं चार भारवाही चाकें. एकूण आंस सहा. नियमाप्रमाणें इंजिन तीस टनांपर्यंत जड करतां येई, आणि त्यांतील वीस टनांपर्यंत भार धुर्य चाकांवर ठेवतां येई. म्हणजे वर दिलेल्या प्रमाणानें सुमारें पांच टनांची ओढ. हेंच इंजिन चार आंसांवर ठेविलें असतें तर दर आंसास साडेसात टन पडून तीस पौंडी रूळ निकामी झाले असते. अरुंद मापामुळें इंजिन दुबळें होतें, हा समज येथें टिकत नाहीं. मापानें वळणें व जमिनीचा खर्च ठरविला. शक्तीची मर्यादा आंसावरील भारानें ठरविली. ही सामग्री इकडे पाठविण्यापूर्वीं लीड्सजवळ न्यूले येथें मुद्दाम घातलेल्या रुळांवर तिची परीक्षा झाली होती, यावरून बांधणाऱ्यांस या तत्त्वाचें महत्त्व किती वाटत होतें तें दिसतें.

पुढें हा मार्ग १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास व १९२७ सालीं मिरजेस पोंचला. एकूण लांबी दोनशें मैलांवर गेली. आषाढी-कार्तिकीस जे लक्षावधि वारकरी या लहान गाड्यांतून गेले, त्यांच्यापैकीं कोणीही त्या पांच टनांच्या नियमाचें नांव ऐकलें नसेल. मीही लहानपणीं या गाडीनें पंढरपुरास गेलों आहें. इंजिन एवढेंसें आणि चाकें इतकीं कां, असा प्रश्न तेव्हां मनांत आला होता. उत्तर मिळण्यास पन्नास वर्षें लागलीं. १९५४ सालीं मार्ग सरकारच्या ताब्यांत गेला, आणि २००१ नंतरच्या दशकांत तो टप्प्याटप्प्यानें रुंदमापी झाला. ते हलके रूळ आतां उखडले गेले आहेत.

(६)

भार कागदावर बरोबर वांटला म्हणजे काम संपलें, असें मात्र समजूं नये. १९२५ नंतरच्या वर्षांत हिंदुस्थानांतील रुंदमापी मार्गांकरितां ४-६-२ मांडणीचीं नवीं इंजिनें आलीं. हलक्या प्रतीच्या देशी कोळशाकरितां त्यांची भट्टी रुंद केलेली होती व तिचें ओझें पेलण्यास मागें एक भारवाही आंस दिलेला होता. त्यांतील ‘एक्स-बी’ वर्गाचा धुर्य आंसावरील भार सतरा टन होता व तो रुळांस मानवणारा होता. तरीही ईस्ट इंडियन रेल्वेवर पाटण्याजवळ बिहटा येथें १७ जुलै १९३७ रोजीं या वर्गाच्या इंजिनाची एक्सप्रेस गाडी रुळांवरून घसरली व शंभरांहून अधिक माणसें मेलीं. नंतर नेमलेल्या समितीनें १९३९ सालीं अहवाल दिला. पुढील बोगी व मागील आंस यांच्या आडव्या हालचालीस पुरेसा रोध नव्हता. त्यामुळें इंजिन वेगांत डावीकडे-उजवीकडे झोके घेई व रूळ वांकडे करी, असें त्यांत दिसून आलें. उभा भार नियमांत होता. आडवा जोर कोष्टकांत मांडलेलाच नव्हता. कोष्टक काय सांगतें हें पाहतांना तें काय सांगत नाहीं हेंही पाहावें, हा आपल्या शास्त्रांतील नियम येथेंही लागू पडतो.

(७)

सारांश, इंजिनाच्या चाकाखालीं लिहिलेला आंकडा म्हणजे त्या काळचे रूळ, पूल, भांडवल व व्यापार यांची एकत्र साक्ष होय. एखाद्या मार्गाचे रूळ गेले, पूल बदलले, इंजिनें भंगारांत निघालीं, तरी तो आंकडा असलेला कागद शिल्लक असेल तर त्या मार्गाची मूळ योजना पुन्हां उभी करतां येते. कागद गेल्यास तें साधत नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, जुनीं दप्तरें चाळतांना आंसभारांचीं कोष्टकें, इंजिनांचे नकाशे, कांट्यावरील वजनांच्या नोंदी व कारखान्यांच्या वह्या आढळल्यास त्या वेगळ्या काढून ठेवाव्या, आणि कोठें मिळाल्या तें त्यांवर लिहावें. वाचतां न येणाऱ्या लिपीचा ताम्रपट आपण टाकून देत नाहीं. हे कागदही त्याच न्यायानें जपावे. अर्थ लावणारा मागाहून येईल.