एका बोल्टाची बखर

इतिहास हा विषय मी शाळेत पुस्तकातून शिकलो आणि जेमतेम पस्तीस मार्कांवर सुटलो. पुढे तोच विषय मी एका जीपखाली उताणा पडून शिकलो. तो मात्र नाकातोंडात गंज जाईपर्यंत शिकलो.

गोष्ट १९७८ च्या मे महिन्यातली. कॉलेजची सुट्टी लागली होती नि मी आंबे खायला म्हणून चिपळूणला भाऊकाकांकडे गेलो होतो. अंगणात पाऊल टाकलं तर काकांची जीप डाव्या खांद्याने झुकून उभी. पुढचा डावा पाटा मोडला होता. आणि काका ओसरीवर तसेच, डाव्या खांद्याने झुकून बसलेले.

"आलास? बरं झालं. शर्ट काढ," काका म्हणाले.

आंबे राहिले बाजूलाच. काकूने तेवढ्यात आत बोलावून खरी हकीकत सांगितली. दादा मुंबईहून आला होता आणि त्याने भंगारवाल्याशी साडेनऊशे रुपयांना सौदा ठरवला होता. बापलेकांचं भांडण तीन दिवस चाललं. शेवटी तह असा झाला, की रविवारी सकाळपर्यंत जीप आपल्या चाकांवर फाटकाबाहेर गेली तर राहील, नाहीतर भंगारवाला येईल. दिवस गुरुवारचा होता.

आता ही जीप म्हणजे काय चीज होती ते सांगितलं पाहिजे. युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या मालात जी वाहनं लिलावात निघाली, त्यांतली ती. स्टिअरिंग डावीकडे. पावसात छपराचा उपयोग पाणी नेमकं मानेवर सोडण्यापुरता. पण काकांना तिची कुळी तोंडपाठ. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने एकशे पस्तीस कारखान्यांना विचारलं, हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी कोण करून देतो? नमुना एकोणपन्नास दिवसांत हवा. पुढे आले फक्त दोघे. त्यांतल्या बॅंटम नावाच्या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं, त्याने दोन दिवसांत नकाशे काढले, आणि २३ सप्टेंबरला गाडी सैन्याच्या दारात उभी. नंतर सैन्याने मोठं काम दिलं ते विलीज आणि फोर्डला. युद्ध संपेतो सहा लाखांवर जीपा तयार झाल्या. बिचाऱ्या बॅंटमच्या हाती काय, तर जीपच्या मागे जोडायचे ट्रेलर! लग्न जमवणारा एक आणि जेवणावळी झोडणारे दुसरे, ही रीत आपल्याकडेच आहे असं समजू नये.

"एकोणपन्नास दिवसांत त्यांनी अख्खी जीप उभी केली, आणि तुला एक बोल्ट निघत नाही?" हे वाक्य मी पुढच्या दोन दिवसांत एकोणपन्नास वेळा तरी ऐकलं असेल.

नवा पाटा मिळायची अडचण नव्हती. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली होती, त्यामुळे पाटा, शॅकल, सगळं येऊन पडलं होतं. अडचण जुना काढायची. पाट्याचं एक टोक चॅसीला लटकतं ते शॅकलने. शॅकल म्हणजे लोखंडाची इंग्रजी 'यू' अक्षरासारखी कडी. तिच्या दोन्ही टोकांना आटे असतात आणि त्यांवर षटकोनी डोक्याची आटेदार बुशं बसतात. पुस्तकात त्यांना काही म्हणोत, आमच्या गावात षटकोनी डोकं दिसलं की तो बोल्ट.

वरचा बोल्ट निघाला. खालचा निघेना.

पाना लावावा तर पेटीत पाने तीन राज्यांचे. पहिलं राज्य व्हिटवर्थ साहेबाचं. या इंग्रजाने १८४१ साली आट्यांची मापं ठरवून दिली, पंचावन्न अंशांचा कोन. त्याआधी ज्या कारखान्याचा बोल्ट त्याच कारखान्याची चाकी. १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने सांगितलं की साठ अंश करा, करायला सोपं जातं. झालं! दोन घराणी निर्माण झाली, गाण्यातल्यासारखी. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढेना. हे दुखणं दुसऱ्या महायुद्धात दोन्ही सैन्यांना चांगलंच भोवलं, तेव्हा कुठे १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनला बसून एकच आटा मान्य केला. हिटलरविरुद्ध एक व्हायला त्यांना जमलं, पण आट्यावर एक व्हायला युद्ध संपून तीन वर्षं लागली.

त्यात आणखी गंमत अशी, की व्हिटवर्थच्या पान्यावर 'अर्धा इंच' लिहिलेलं असतं ते बोल्टाच्या दांड्याचं माप, आणि अमेरिकन पान्यावरचा अर्धा इंच म्हणजे पान्याच्या तोंडाचं. दोन्ही अर्धे इंच शेजारी धरले तर एक दुसऱ्याच्या पोटात मावेल. तिसरं राज्य मेट्रिकचं. १९५६ च्या कायद्यानंतर तेही पेटीत शिरलेलं. काका जीपवर बसून मागायचे, "अर्धा दे!" मी कुठलाही दिला तरी तो चुकीचाच असायचा.

शेवटी योग्य पाना सापडला. बोल्ट ढिम्म.

रॉकेल पाजलं. रात्रभर चिंधी भिजवून बांधली. शुक्रवारी पान्याच्या दांड्यात चार फुटी पाइप घालून मी आणि काका लोंबकळलो. हातोड्याने ठोकलं. काकूने नारळ ठेवला. चिपळूणचा पाऊस सव्वाशे इंचांवर आणि खाडीची खारट हवा, असं दोघांचं राज्य. लोखंडाचा गंज होताना तो मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा मागतो. आट्यांच्या फटीत ती जागा नसते, म्हणून तो तिथेच फुगून ठाण मांडतो. थोडक्यात, भाडेकरू.

दादा ओसरीवरून म्हणाला, "बाबा, गॅस कटर आणू का? पाच मिनिटांचं काम."

काकांनी पाना खाली ठेवला. "हिला जाळायची नाही," एवढंच म्हणाले.

रात्री काकूने सांगितलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेला भूकंप झाला. चिपळूणही हाललं. उजाडल्यावर काका हीच जीप घेऊन कुंभार्ली घाट चढले. पाव, घोंगड्या, रॉकेलचे डबे वर न्यायचे आणि जखमी माणसं खाली आणायची. दोन दिवस घरी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, जीप धुतली आणि धुता धुता अंगणातच खाली बसले. मागच्या सीटवर कोण कोण होतं ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही.

मग मला साडेनऊशे रुपये फार कमी वाटू लागले.

शनिवारी मी गावातल्या म्हाताऱ्या मेस्त्रींना घेऊन आलो. युद्धात लष्करी वर्कशॉपात काम केलेला माणूस. मोतीबिंदू झालेला, त्यामुळे बघण्यापेक्षा चाचपण्यावर भर. त्यांनी चहा घेतला, पान लावलं आणि जीपखाली हात घालून शॅकल नुसता कुरवाळला.

"भाऊ, कुठल्या अंगाला फिरवलात?"

"सगळं जग फिरवतं त्या!"

"ह्याला डावे आटे हायत. खालच्या दांडीला हा उंचवटा लागतोय बघा. कंपनीनं खूण ठेवलीय. दोन दिवस तुम्ही तो आवळताय."

अंगणात शांतता पसरली. खरं म्हणजे जीपच्या डाव्या चाकांच्या चाक्या उलट्या सुटतात यावर काकांनीच मला गुरुवारी अर्धा तास व्याख्यान दिलं होतं, त्यात दोनदा गाढव म्हणून. आता मी काहीही बोललो नाही. माझ्या आयुष्यातला तो संयमाचा उच्चांक होय.

"तुमची मेहनत फुकट नाही गेली," मेस्त्री म्हणाले. "थोडा हालला, म्हंजे गंज तुटलाय." त्यांनी ब्लो लॅम्पने बोल्टाचं डोकं तापवलं, बाजूला झाले, आणि काकूकडून मेणबत्ती मागून त्याला टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरलं. दोन टोले दिले. मग पाना लावला, नि जरा आवळून, जरा सोडून, पुढेमागे करत उलट्या बाजूने घेतला. बोल्ट कर्रकन ओरडला आणि सुटला. चार फुटी पाइपची गरजच पडली नाही.

नवा पाटा बसवेपर्यंत रात्रीचे अकरा झाले. कंदील धरून कोण उभं होतं? दादा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी भंगारवाला आला, तेव्हा जीप फाटकाबाहेर धुगधुगत होती. त्याला चहा दिला, मोडलेला पाटा वजनावर दिला, आणि आम्ही कुंभार्ली चढलो. वर काका पाच मिनिटं नुसते उभे राहिले. उतरताना जीप दादाने चालवली. काका शेजारी बसून दर वळणावर चुका काढत होते, म्हणजे सगळं ठीक होतं.

काका १९८४ साली गेले. जीप भंगारात द्यायचा विषय दादाने पुन्हा काढला नाही.

तो जुना शॅकल मी मागून घेतला. कागद उडू नयेत म्हणून टेबलावर असतो. कुणी माणूस माझ्याशी अडून बसला आणि मी जोर लावायला लागलो, की माझा हात आपोआप तिकडे जातो. तो उंचवटा अजून बोटाला लागतो.